टक्कर बंद

माझ्या नणंदेला साधी सायकलही येत नाही. लहानपणी एकदा शिकायला गेली, कुंपणात घुसली आणि उठून सायकललाच लाथ घातली. त्यानंतर तिने चाकाला हात लावला नाही. आणि अशी ही बाई पोटापाण्यासाठी काय करायची, तर शहरातल्या सगळ्या बसगाड्या चालवायची. खऱ्या नव्हे, कॉम्प्युटरच्या पडद्यावर.

हे मी थंड डोक्याने सांगेन असं कुणी समजू नये. मी दातांच्या दवाखान्यात नंबर लावायला बसते. दिवसभर गाल सुजलेल्या माणसांशी गोड बोलावं लागतं, त्यामुळे दिवसभराचा सगळा कडूपणा घरी येईपर्यंत साठलेला असतो. त्यातून हा विषय निघाला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

नणंदेला घरात सगळे तोफ म्हणतात. हे नाव सासऱ्यांनी ठेवलं, आणि त्यांना माणसाची पारख होती. नवऱ्याचं घर सोडून ती कायमची आमच्याकडे राहायला आली, तेव्हा कारण विचारायला अर्धी आळी येऊन गेली. प्रत्येकाला तिचं एकच उत्तर, "आधी चहा घेता की आधी अपमान?" लोक चहा घेऊन गप्प घरी जायचे. मागची खोली आम्ही तिला दिली. तिथे एक खाट, एक टेबल आणि भिंतभर शहराचा नकाशा. आधी ती नकाशे गिरवण्याच्या कामावर होती. पुढे नकाशे कॉम्प्युटरवर गेले, तशी तीही त्यांच्या मागोमाग गेली आणि एका सिम्युलेशनच्या कंपनीत चिकटली.

ते काम मला समजायला बराच वेळ लागला, पण आहे सोपं. पडद्यावर शहर असतं, रस्ते असतात. गाडी कुठून कुठे जाणार हे तिला सांगायचं, तर रस्त्यावर एकापुढे एक टिंबं ठेवत जायची. गाडी या टिंबावरून त्या टिंबावर जाते. सरळ रस्त्याला टिंबं लांब लांब चालतात, वळणावर मात्र जवळ जवळ ठेवावी लागतात. तिथे कंजुषी केली की गाडी वळण सोडून थेट लोकांच्या ओट्यावरून जाते. कुठे हळू व्हायचं, कुठे थांबायचं, हेसुद्धा टिंबालाच सांगून ठेवायचं. कंपनीत त्याला पॉइंट म्हणतात. आमच्या घरात टिंब.

माझा नवरा बस चालवतो. त्यामुळे जेवायला बसलं की टेबलाची धडगत नसायची. "दादा, बाजाराच्या वळणाला तू बस कुठून काढतोस?" असं तिने विचारायचा अवकाश, की मिठाची बरणी म्हणजे बस, चमचा म्हणजे दुभाजक, माझी वाटी म्हणजे चौक. "एवढं आतून नाही गं, मागचं चाक चढेल. आधी पुढे जाऊ दे, मग तोड." ती जेवण सोडून उठायची आणि भिंतीवरच्या नकाशावर पेन्सिलने खूण करून यायची. दोघं भाऊबहीण एका तालात बोलायला लागले की मला तिथे कुणी विचारायचं नाही. मी बडबड करायचे, पण मला आवडायचं ते.

मग परिवहन खात्याने त्या कंपनीला नवीन वेळापत्रक करायचं काम दिलं, आणि आमच्या घरातलं बोलणंच बंद झालं.

खात्याला एक बस वाचवायची होती. म्हणजे तेवढ्याच फेऱ्या, पण एक गाडी कमी. कंपनीच्या साहेबांनी छातीठोकपणे सांगितलं, वाचवून देतो. कशी, तर जाणारी बस पहिल्यापासून छापखान्याच्या गल्लीतून जात होती आणि येणारी पुलावरून लांबून येत होती. आता दोन्ही गल्लीतूनच न्यायच्या. वळसा वाचला, वेळ वाचला, बस वाचली. ती गल्ली ज्याने पाहिली आहे तो यावर हसेल. मध्ये छापखान्याच्या फाटकापाशी कोपरा आहे, आणि त्या कोपऱ्यात एक बस आली की माणूस भिंतीला पाठ लावून उभा राहतो. दुसरी बस समोरून आली तर काय करायचं, हे ठरवायला साहेबांनी एकदा तिथे जाऊन उभं राहायला हवं होतं. ते गेले नाहीत. त्यांची गाडी त्या गल्लीत शिरतच नाही.

तोफेने मार्ग मांडायला घेतले. आता इथे त्यांच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळी माती तिथेच झाली. टिंबं मांडत असताना मार्ग अर्धवट असतात. गाड्या भलत्याच जागी येऊन एकमेकींवर आपटतात, आणि एक आपटली की मागचं सगळं तुंबतं, काम पुढे सरकत नाही. म्हणून मांडणी चालू असेपर्यंत सगळेच टक्कर बंद करून ठेवतात. बटणच असतं तसं. ते बंद केलं की गाड्या एकमेकींच्या आरपार निघून जातात, धुरासारख्या. मांडणी पुरी झाली की टक्कर पुन्हा चालू करायची आणि मग खरी फेरी चालवून वेळ मोजायचा. रंग देताना दार बिजागरीवरून काढून ठेवतात ना, तसंच. दार नंतर बसवायचं असतं, एवढीच अक्कल लागते.

तिने मांडणी पुरी केली, टक्कर चालू केली आणि फेरी सोडली. छापखान्याच्या कोपऱ्यात दोन बसगाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. तिने गल्लीच्या दोन्ही तोंडांना थांबण्याचं टिंब ठेवलं, म्हणजे एक बस बाहेर पडेपर्यंत दुसरी गल्लीत शिरणारच नाही. आता सगळं सुरळीत झालं, पण थांबण्यात वेळ गेला, आणि वाचवलेली बस परत लागायला लागली.

साहेबांना ते बघवेना. "ही थांबायची टिंबं काढ," म्हणाले.

"काढली तर अडकतात, सर."

"मग टक्कर बंद ठेव. आपल्याला फक्त वेळ दाखवायचा आहे."

"सर, बस बसमधून जात नाही."

यावर तो माणूस काय बोलला ते ऐका. "तुझा भाऊ ड्रायव्हर आहे म्हणून तू त्यांना गल्लीच्या तोंडाशी आराम करायला जागा काढून देतेस. कळतं मला." सगळ्या ऑफिससमोर. तोफेने तिथे जो बार उडवला, तो म्हणे खालच्या मजल्यावरच्या विमा कंपनीत ऐकू गेला. पण उपयोग शून्य. साहेबांनी तिला त्या कामावरून काढून दुसऱ्या कामाला लावलं, थांबण्याची टिंबं स्वतःच्या हाताने पुसली, आणि खात्याच्या लोकांना मोठ्या पडद्यावर फेरी दाखवली. वरून पाहिलं तर बस म्हणजे काडेपेटीएवढा चौकोन. कोपऱ्यावर दोन चौकोनांचा क्षणभर एक झाला आणि परत दोन झाले. कुणाच्या लक्षात आलं नाही. बिस्किटं खाल्ली, टाळ्या वाजवल्या, वेळापत्रक लागू झालं.

आणि त्या चौकोनात माझा नवरा बसलेला होता.

पहिल्या आठवड्यापासूनच तो घरी यायचा तो डोळे लाल करून. रोज त्या कोपऱ्यात समोरची बस. मग शिव्या, भोंगे, प्रवासी खिडकीतून ओरडतात, "घे की मागे!" मागे बघायला कंडक्टर नाही, तो खात्याने कधीच काढून टाकला. कशीबशी बस मागे घ्यायची, आणि मग उशीर झाला म्हणून डेपोत पाढा ऐकायचा. एक दिवस जेवताना त्याने बहिणीला सुनावलं, "तुझ्या टिंबांनी माझा जीव घ्यायचा बाकी ठेवलाय."

"मी नाही केलं ते, दादा. मी थांबे ठेवले होते."

"तुझ्याच कॉम्प्युटरमधून निघालं ना? माझ्याच घरात बसून, माझ्याच मिठाच्या बरणीवर शिकून?"

ती ताट सरकवून उठली. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलेनात. मी मधली टपाल कचेरी झाले. "त्याला सांग, गरम पाणी काढलंय." "तिला सांग, मला कान आहेत." दोघांच्या टाळक्यात एकेक लाटणं घालावं असं मला रोज वाटायचं. खरं तर घालायला हवं होतं दुसऱ्याच टाळक्यात.

मग व्हायचं ते झालं. समोरच्या बसमागे गाड्यांची रांग लागलेली, तिला मागे जाता येईना, म्हणून नवऱ्याने आपली बस मागे घेतली. छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्या एक बाई फाटकाबाहेर फुटपाथवर हवा खायला उभ्या होत्या. बसचा मागचा भाग फुटपाथवर चढला. बाईंचं पाऊल चिरडलं.

तो घरी आला तेव्हा त्याला बूटही काढता येईनात. मी काढले. "मी आरशात बघत होतो गं," एवढंच सारखं म्हणत राहिला. खात्याने त्याला निलंबित केलं. वीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, पण ते कुणाला आठवलं नाही. चौकशी बसली. दोषी ठरला तर नोकरी जाणार आणि लायसन्सही जाणार. दुसरं काही त्याला येत नाही. आणि काय येत नाही म्हणून मला सांगू नका, ज्याला बस येते त्याला आणखी काय यायला हवं?

चौकशीच्या दिवशी मी रजा टाकून गेले. लांबट खोली, मधोमध टेबल, त्यामागे खात्याचे तीन अधिकारी. भिंतीला पडदा लावलेला. पडदा कशाला, ते मला लगेच कळलं. खात्याचं म्हणणं असं, की कंपनीच्या सिम्युलेशनमध्ये हीच फेरी न थांबता, न अडता पार पडते. गल्लीतून बस जाते हे सिद्ध झालेलं आहे. मग याची का अडकली? चालकाचा निष्काळजीपणा. वा रे वा! ज्या खोट्या फेरीने त्याला त्या कोपऱ्यात कोंबलं, तीच फेरी आता त्याच्या विरुद्ध साक्षीला उभी केली होती.

साहेब कोट घालून आले होते. फेरी दाखवायची वेळ आली आणि त्यांची पंचाईत झाली. टिंब पुसणं आणि बटण दाबून फेरी सोडणं एवढंच त्यांना यायचं, पण अधिकाऱ्यांना कोपरा जवळून बघायचा होता, वेग कमी करून. ते काही त्यांना जमेना. शेवटी ऑफिसला फोन केला आणि तोफेला बोलावून घेतलं. ती मुकाट्याने आली, भावाकडे न बघता खुर्चीत बसली, आणि आधी टेबलाकडे तोंड करून म्हणाली, "चालक माझा सख्खा भाऊ आहे. पुढे कुणी बोंब मारायला नको."

मधल्या अधिकारी बाई म्हणाल्या, "फेरी कॉम्प्युटरची आहे, तुमची नाही. चालवा."

साहेब तिच्या कानाशी वाकले. काय पुटपुटले ते मला ऐकू आलं नाही, पण तिने ते सगळ्यांना ऐकवलं. "सर म्हणतात टक्कर बंद ठेव. टक्कर बंद असली की बसगाड्या एकमेकींच्या आरपार जातात. हीच फेरी तुम्हाला दाखवली होती. बघा." तिने कोपरा पडदाभर मोठा केला. एक बस आली, दुसरी आली, एकीच्या पोटातून दुसरी निघून गेली. अगदी ड्रायव्हरच्या सीटमधून सीट गेली. खोलीत कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. "आता टक्कर चालू करते," ती म्हणाली आणि परत चालवली. दोन्ही गाड्या समोरासमोर थांबल्या.

सगळे बघत बसले. काही होईना. गाड्या तशाच उभ्या.

"आता पुढे?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"पुढे तुम्ही सांगा," तोफ म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि तेव्हाच मला भीती वाटली. "कॉम्प्युटरला कळत नाहीये. मला पण कळत नाहीये. रोज तिथे जो अडकतो त्याने काय करायचं, हे कुणी ठरवलंय का? हा इथे कोट घालून बसलाय, याला विचारा!"

साहेब लालबुंद झाले. "सिम्युलेशनमध्ये सगळं घेता येत नाही. काही गोष्टी चालकाने जागेवर बघायच्या असतात."

तेव्हा माझा नवरा पहिल्यांदा बोलला. अधिकाऱ्यांशी नाही, बहिणीशी. "तोफे, मागे घे ती. मी सांगतो तसं."

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि माउस हातात घेतला. तो सांगायला लागला, ती बसच्या मागे टिंबं ठेवायला लागली. "सरळ घे. आणखी. आता डावीकडे, थोडंसंच. बास." बस मागे सरकली आणि तिचा मागचा भाग फुटपाथवर गेला. "पूस. आधी उजवीकडे घेऊन बघ." गेला. "भिंतीला घासू दे, आरसा तुटू दे, घे." तरी गेला. मिठाच्या बरणीने खेळायचे तसेच दोघं त्या पडद्यावर वाट शोधत होते, पण वाट नव्हतीच. कशीही घेतली तरी बस त्याच फाटकापुढे फुटपाथवर चढत होती.

नवरा खाली बसला. "म्हणजे माझ्या हातून होणारच होतं," म्हणाला.

"तुझ्या हातून काय? तुला तिथे नेऊन कुणी कोंबलं?" ती ओरडली. आता खरी तोफ उडाली. "तू का मान खाली घालतोस?"

मागच्या बाकावर त्या प्रुफवाल्या बाई बसल्या होत्या, कुबड्या भिंतीला टेकवून. आमचा त्यांच्याकडे बघायचा धीर झाला नव्हता. त्यांनी बसल्या जागेवरून साहेबांना विचारलं, "यात मी कुठे आहे?"

साहेबांना प्रश्न समजला नाही. "म्हणजे?"

"मी तिथे रोज उभी राहते. छापखान्यातले आम्ही सगळेच राहतो. या चित्रात फुटपाथ रिकामा आहे."

"मॅडम, पादचारी घेतलेले नाहीत. त्यांचं काम आपल्याकडे नव्हतं."

बाई आपल्या बांधलेल्या पायाकडे बघत राहिल्या. त्या माणसाला तेव्हाही लाज वाटली नाही, हे मी जन्मात विसरणार नाही. तो पाणी प्यायला.

नवऱ्याला परत घेतलं. कागदावर म्हटलं, "परिस्थिती लक्षात घेऊन ताकीद." ताकीद! आणि वेळापत्रकाचं काय, तर "फेरविचार करण्यात येईल." तोफेला कंपनीने दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं, ग्राहकासमोर कंपनीची बदनामी केली म्हणून. साहेब आहे तिथेच आहेत. नवरा रोज त्याच गल्लीत जात होता, आणि तो घरी येईपर्यंत आमच्या दोघींचा जीव टांगणीला. तोफ नकाशापुढे उभी राहून हात चोळायची. दुसरी नोकरी शोधायला बाहेर पडायची, पण बस परतायच्या वेळी न चुकता घरात हजर.

मग एका दुपारी तिचा फोन वाजला. साहेब. खात्याने थांबण्याची टिंबं घालून नवीन वेळापत्रक मागितलं होतं, आणि तिने ठेवलेली ती टिंबं यांनी पुसून टाकलेली. कुणालाच ते परत जमेना. किती थांबायचं, कुठल्या तोंडाला आधी सोडायची, एका बसला उशीर झाला तर दुसरीने काय करायचं. "तेवढं जरा सांगशील का?" फोन स्पीकरवर होता. मी स्वयंपाकघरातून पळत आले, आता काय दारूगोळा उडतोय ते ऐकायला. मी तर दोन चार शब्द तिला पुरवायच्या तयारीतच होते.

ती खाटेवर बसली आणि सगळं सांगितलं. एकेक टिंब, एकेक थांबा. शांतपणे, लहान मुलाला सांगावं तसं. "घेतलंत लिहून? वाचून दाखवा." त्यांनी वाचलं. "चुकलं. परत लिहा." परत वाचून घेतलं. "टक्कर चालू ठेवा, आणि फाटकापाशी माणसं उभी करा," म्हणाली आणि फोन ठेवला.

"डोकं फिरलं का तुझं?" मी किंचाळले. "ज्याने हाकललं त्याला फुकट शिकवतेस? त्याचंच नाव होणार आता!"

"वहिनी, त्या बसमध्ये दादा बसतो," ती म्हणाली, आणि उशी उचलून भिंतीवर इतक्या जोरात मारली की नकाशा खाली आला. मग रागाने रडायला लागली. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी पाठीवर हात ठेवला तर हात झटकला. "दादाला बोलायचं नाही हं यातलं काही. तो जाऊन त्या माणसाची कॉलर धरेल, आणि परत घरी बसेल." माझ्याकडून शपथ घेतली.

नवीन वेळापत्रक लागलं. गल्लीच्या तोंडाशी थांबा आला, वाचवलेली बस परत रस्त्यावर आली. साहेबांचा खात्याने सत्कार केला, सुरक्षेचा विचार केला म्हणून.

त्या संध्याकाळी नवरा कितीतरी दिवसांनी हसत घरी आला. जेवायला बसला आणि म्हणाला, "काही म्हणा, त्या साहेबाला शेवटी अक्कल आली. थांबे काय नेमके ठेवलेत! मी ठेवले असते तसेच."

"आली बाई एकदाची," तोफ म्हणाली आणि खाली बघून जेवत राहिली.

मी हातातलं पातेलं ओट्यावर असं आपटलं, की झाकण उडून दारापर्यंत घरंगळत गेलं.

"काय गं, काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "हातातून निसटलं."